जुनी गाडी मध्येच अडखळते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि विझतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायमचा बिघाड शोधणं सोपं असतं. गाडी सुरूच होत नसेल तर ती कुठे पळून जात नाही. उभी राहते आणि तपासून घेते. त्रास देतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. चार दिवस गाडी लोण्यासारखी चालते, पाचव्या दिवशी ऐन ओव्हरटेक करताना उचकी दिल्यासारखी अडखळते, पिवळा दिवा लागतो, आणि गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत सगळं शांत. खालची उत्तरं मुख्यतः फ्युएल इंजेक्शन असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहेत.

दिवा लागलाय. चालवत राहू की थांबू?

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी साधारण नीट ओढत असेल, तर सावकाश चालवत घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून काढा. लुकलुकणं म्हणजे इंजिन इतकं मिसिंग मारतंय, म्हणजे सिलिंडरमधले स्फोट इतके हुकताहेत, की न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळते. वितळलेल्या जाळीने धुराची वाट बुजली की गाडी ओढेनाशी होते, मग मूळ बिघाड काढूनही ओढत नाही. वेग कमी करूनही लुकलुक थांबली नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट. तिथे घरापर्यंत वगैरे काही नाही, इंजिन त्याच क्षणी बंद.

मिसिंग झालं हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं कसं?

क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्यावर, एक दातेरी चकती असते. पुष्कळ गाड्यांत ती ६० दात्यांची असते, त्यातले २ दाते मुद्दाम गाळलेले. समोर बसवलेला क्रँक सेन्सर प्रत्येक दाता किती वेळात पुढे सरकला हे मोजतो. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की शाफ्टला धक्का मिळतो आणि पुढचे दाते किंचित लवकर येतात. स्फोट हुकला की ते किंचित उशिरा येतात. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० स्फोट होतात. त्यातला एखादा हुकला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, पण कॉम्प्युटर त्याची मोजदाद ठेवतो.

यात एक मेख आहे. कॉम्प्युटरला फक्त ‘धक्का मिळाला नाही’ एवढंच कळतं. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही, हवा जास्त झाली की व्हॉल्व्ह नीट बसला नाही, हे त्याला दिसत नाही. खडबडीत रस्त्यावर चाकांचे हिसके उलटे शाफ्टपर्यंत पोहोचतात, तेव्हाही त्याची फसगत होऊ शकते. म्हणून काही गाड्या एबीएसच्या चाक-सेन्सरकडून रस्ता खराब आहे का हे विचारून घेतात आणि तेवढा वेळ मोजणी थांबवतात.

दिवा लागला, दोन दिवसांनी आपोआप विझला. म्हणजे बिघाड गेला का?

नाही. नेहमीच्या हिशोबात एकच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) दिसला तर दिवा लागतो, आणि पुढच्या तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या तर विझतो. त्या दोषाचा कोड मात्र कॉम्प्युटरच्या आत साठून राहतो. दोष पुन्हा दिसला नाही तर इंजिन थंडपासून गरम होण्याच्या साधारण ४० फेऱ्यांनंतर तो पुसला जातो. तेव्हा विझलेला दिवा ही खुशखबर नसते. पण कोड वाचायला अजून वेळ आहे, हे नक्की.

बॅटरीची वायर काढून लावली की दिवा जातो असं सांगतात.

जातो. पुरावाही जातो. शिवाय कॉम्प्युटरने इतके दिवस शिकलेली पेट्रोलची आणि आयडलिंगची (उभ्या गाडीत इंजिन मंद चालण्याची) दुरुस्तीही पुसली जाते, त्यामुळे जुनी गाडी पुढे थोडे दिवस सिग्नलला थरथरते आणि तुम्ही नव्याच बिघाडाच्या मागे लागता. करू नका.

कोड कसा वाचायचा?

गाडीचे दोष ठरावीक कोडमध्ये वाचण्याची ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटाशी १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात साधा स्कॅनर किंवा मोबाइलला जोडणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर बसतो. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दोन ठरावीक पिना वायरने जोडल्या की दिवा लुकलुकतो आणि त्या लुकलुकी मोजून कोड काढायचा असतो. कोणत्या पिना, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच करा. चुकीच्या पिना जोडल्या तर कॉम्प्युटरच जायचा.

कोड दिसला की आधी कागदावर उतरवा. त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असते तीही उतरवा: दोष नोंदला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती. माझ्या मते कोडपेक्षा हीच माहिती जास्त मोलाची. कोड ‘काय’ ते सांगतो, तेही अर्धवट. फ्रीझ फ्रेम ‘कधी’ ते सांगते, आणि येऊन-जाऊन असणारा बिघाड ‘कधी’ या प्रश्नानेच सापडतो. कोड पुसायचं बटण शेजारीच असतं, त्याला हात लावू नका.

कोड ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. सेन्सर बदलून टाकू?

थांबा. कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, दोषी कोण ते नाही. समजा एका सिलिंडरची ठिणगी हुकतेय. त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर पडतो. सेन्सर त्याचं काम करतो: ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असं कळवतो. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून सगळ्याच सिलिंडरना जास्त पेट्रोल सोडतो. आता तुम्ही नवा सेन्सर आणून बसवला, तर तोही तेच सांगणार. आग लागल्याची वर्दी देणाऱ्यालाच बडवण्यातला हा प्रकार.

पी-०३०१ ते पी-०३०४ हे कोड पहिल्या ते चौथ्या सिलिंडरकडे बोट दाखवतात. पी-०३०० म्हणजे मिसिंग एका जागी ठरलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांना सामाईक गोष्टींकडे बघायचं: पेट्रोलचा दाब, हवेची गळती (फटीतून इंजिनात शिरणारी जादा हवा), अर्थिंग (इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली जोडणी), क्रँक सेन्सर. पी-०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणि पेट्रोल टाकीचं झाकण सैल राहूनही दिवा लागू शकतो, पण त्याने गाडी अडखळत नाही. दोन्ही एकदम झालं तर ती दोन वेगळी दुखणी समजा.

मेकॅनिककडे नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर रटाळ वाटेल, पण दुसरं नाही: वही ठेवा. गाडीत एक छोटी वही आणि पेन. प्रत्येक वेळी अडखळली की थांबल्यावर चार शब्द. मोबाइलवर बोलून ठेवलं तरी चालेल.

इंजिन थंड होतं की गरम? थंड असताना पहिली दोन मिनिटं अडखळून मग नीट होत असेल तर प्लग, कूलंट तापमानाचा सेन्सर आणि हवेची गळती आधी बघा, कारण थंड रबर आक्रसतं आणि फट उघडते. गरम झाल्यावरच होत असेल, गाडी चालता चालता बंद पडत असेल आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर किंवा इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करते ती) संशय घ्या. आतली बारीक तार तापून फुगते, तुटलेली टोकं लांब जातात, निवली की पुन्हा टेकतात. बंद पडताना आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्या. गाडी गियरमध्ये असून चाकं इंजिनला फिरवत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला असं बऱ्याच गाड्यांत समजता येतं.

वेग धरताना होतं की एकसारख्या वेगात? जोर लावताना सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर कॉइल तिथेच नांगी टाकते. गॅस किट असलेल्या गाडीत हे आधी गॅसवर दिसतं, पेट्रोलवर गाडी ठीक चालते आणि दोष किटवर जातो. एकसारख्या वेगात, पाय एकाच जागी असताना उचक्या येत असतील तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली ते सांगणारा) बघा. त्याची पट्टी नेहमी पाय असतो तेवढ्याच जागी झिजते. मीटर लावून थ्रॉटल हळूहळू उघडा, व्होल्टेज साधारण ०.५ पासून ४.५ पर्यंत न अडखळता चढायला हवं. इथे जुना काट्याचा मीटर डिजिटल मीटरपेक्षा सरस. काटा दचकलेला डोळ्याला दिसतो, आकडे नुसते बदलत राहतात.

टाकीत पेट्रोल किती होतं? पाव टाकीच्या खाली, तेही वळणावर किंवा चढावर होत असेल तर पंप हवा ओढतोय. पाऊस होता का? एसी चालू होता का? नुकतंच पेट्रोल भरलं होतं का? दहा नोंदी झाल्या की त्यांतल्या सात-आठ एकसारख्या दिसू लागतात.

नोंदी ठेवून खरंच काही हाती लागतं?

माझी स्वतःची सोळा वर्षं जुनी गाडी दोन महिने अडखळत होती. कोड पी-०३००. मी प्लग बदलले, एका गॅरेजने कॉइल बदलायला लावली, दुसऱ्याने क्रँक सेन्सर. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं. मग वही केली. बारा नोंदींपैकी अकरांत एकच गोष्ट होती: दुसऱ्या गियरमध्ये, कमी वेगातून जोर लावताना. उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी एकदाही नाही.

उभ्या गाडीतली रेस आणि दुसऱ्या गियरमधला जोर यांत फरक काय, यावर दोन दिवस डोकं खाजवलं. फरक एवढाच की जोर लावताना इंजिन आपल्या माउंटिंगवर मागे झुकतं. बॉनेट उघडून भावाला आत बसवलं, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दाबून क्लच जेमतेम पकडेल इतपत सोडायला सांगितलं, आणि मी गाडीच्या समोर नव्हे, बाजूला उभा राहिलो. इंजिन चांगलं दोन बोटं उचललं गेलं. माउंटिंगचं रबर केव्हाच बसलं होतं. इंजिन उचललं की क्रँक सेन्सरची वायर एका पत्र्याच्या कडेवर ताणली जात होती. हाताने फिरवून पाहिली तर तिथला काळा प्लास्टिकचा थर घासून गुळगुळीत, चकचकीत झालेला, आणि त्यात तिळाएवढं तांबं उघडं. पत्र्याला ते तांबं टेकलं की सिग्नल गायब. सेन्सर नवा घातला तेव्हा वायर थोडी वेगळ्या जागी बसली होती, म्हणून आठवडाभर बरं वाटलं होतं. वायर जोडून वर नळी चढवली, माउंटिंग बदललं. जुना सेन्सर चांगलाच होता, तो अजून माझ्या डब्यात आहे.

पी-०३०२ आलाय. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल खराब, बरोबर ना?

असू शकते, विकत आणायच्या आधी अदलाबदल करा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. आता कोड उतरवून ठेवला आहे, तेव्हा पुसायला हरकत नाही. गाडी चालवा. पी-०३०३ आला तर कॉइलच चोर. पुन्हा पी-०३०२ च आला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल, मग जमलं तर इंजेक्टरची (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारतो तो). एका वेळी एकच वस्तू हलवायची. घाईत तिन्ही हलवल्या तर चोर सापडतो पण ओळखू येत नाही.

प्लग काढलाच आहे तर नीट बघा. पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली पेन्सिलच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून पळतेय. प्लग आणि त्यावरचं रबरी बूट दोन्ही बदला, एकच बदललं तर जुनं नव्याला बिघडवतं. प्लगची गॅप बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मि.मी. असते, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर वरच्या कव्हरचं गॅस्केट गेलंय आणि ऑइलने बूट फुगलंय.

एका कॉइलवर दोन सिलिंडर चालणारी रचना असेल आणि १ व ४ किंवा २ व ३ ही जोडी एकदम मिसिंग मारत असेल, तर फार शोधाशोध नको. कॉइल किंवा तिची वायर.

पावसाळी, दमट हवेतच होतं. का?

ठिणगीला २०,००० ते ४०,००० व्होल्ट लागू शकतात आणि इतक्या दाबाच्या विजेला सोपी वाट आवडते. जुन्या प्लग वायरला, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला किंवा कॉइलला केसाएवढी चीर असेल तर कोरड्या हवेत ती निभावून जाते, ओलाव्यात वीज तिथूनच इंजिनच्या धातूवर उडी मारते. बघायचं असेल तर रात्री, मोकळ्या हवेत, दिवे बंद करून बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि लांबून स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. चीर असेल तर निळसर ठिणग्या वायरवरून सरपटताना दिसतात आणि टिकटिक ऐकू येते. वायरला हात लावायचा नाही. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने हा प्रयोग करू नये, जवळ उभंही राहू नये.

व्हॅक्यूम लीक, म्हणजे हवेची गळती, आहे हे कसं ओळखायचं?

स्कॅनरमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघा. कॉम्प्युटर नेमून दिलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते त्यात दिसतं. तात्पुरती आणि दीर्घ मुदतीची अशा दोन ओळी असतात, दोन्हींची बेरीज घ्यायची. १० टक्क्यांच्या आतबाहेर असेल तर झोप उडवून घेऊ नका. आयडलिंगला बेरीज २० च्या पुढे आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर, असं असेल तर हवा गळतेय. फट तेवढीच राहते, पण इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलिंगला ठीक आणि जोर लावताना आकडा चढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, किंवा पंपाची वायर. हवा मोजणाऱ्या सेन्सरची तार धुळीने माखली तरी असंच दिसतं. ती त्याच कामाच्या स्प्रेने धुवायची, कापडाने पुसायची नाही.

गळती शोधताना रबरी होस वरून बघून सोडू नका. त्या खालच्या अंगाने आणि वाकणावर चिरतात, बोटांनी दुमडून पाहा. गरम इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून बघण्याची पद्धत सर्रास आहे, पण तो पेट घेतो. धुराचं यंत्र असलेलं गॅरेज गाठा, फट पाच मिनिटांत दिसते.

अर्थिंग तपासायचं म्हणजे नट आवळायचे, एवढंच ना?

नट घट्ट असूनही अर्थिंग खराब असू शकतं. केबलच्या आत हिरवी भुकटी झालेली असते आणि वरून काही दिसत नाही. ओहममध्ये मोजूनही फसगत होते, कारण एक तार शिल्लक असली तरी मीटर ‘ठीक’ म्हणतो. केबलमधून करंट वाहत असताना मोजा: मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती केबल बदला. बॅटरीही बघून घ्या: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४.

मग इंजिन आयडलिंगला ठेवून वायरिंगचे जुडगे आणि कनेक्टर एकेक करून हलवा, पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून हात नि बाह्या लांब ठेवून. एखाद्या जागी इंजिन दचकलं की तिथे थांबा.

टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकला तर?

इंजेक्टर खरोखर मळले असतील तर थोडा फरक पडतो. तुटकी वायर त्याने जुळत नाही.

ठिणगी, पेट्रोल, हवा, वायरिंग सगळं ठीक. तरी एकच सिलिंडर मिसिंग मारतो.

आता इंजिनच्या पोटात. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक किती हे बघा. व्हॉल्व्हची क्लिअरन्स (ठेवलेली बारीक फट) कमी झाली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि आयडलिंगला मिसिंग होतं. सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिनिटभर अडखळत असेल, पांढरा वाफेसारखा धूर बराच वेळ येत असेल आणि कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल, तर हेडगॅस्केटमधून रात्रभर पाणी झिरपतंय. हे लांबवू नका.

दुरुस्ती झाली असं कधी मानायचं?

गॅरेजच्या आवारात दोन चकरा मारून नव्हे. फ्रीझ फ्रेमचा कागद काढा आणि त्याच परिस्थितीत गाडी न्या: तेवढंच तापमान, तोच गियर, तेवढाच आरपीएम, पावसात होत असेल तर पावसात. स्कॅनरमध्ये अजून पक्का न झालेला कोडही दिसतो. दिवा लागायच्या आधी तो तिथे येतो, म्हणून पहिले काही दिवस रोज बघा. वहीत आधी आठवड्याला तीन नोंदी होत असतील तर निदान तीन आठवडे कोऱ्या जाऊ द्या. तोवर काढलेले जुने पार्ट फेकू नका.